साडेचार लिटर आणि नऊ चमचे

ता. ९ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवरच सांगणार होते. पण मागच्या वेळी मी ‘घर रंगवतोय’ म्हटलं, ते तुम्ही ‘कोणीतरी रांगतंय’ असं ऐकलंत आणि आईंनी दुपटं शिवायला घेतलं. तेव्हापासून ठरवलं, महत्त्वाचं ते पत्रानेच.

तर मला नोकरी लागली आहे. तीन महिन्यांचीच, पण कुठे ते ऐकून तुम्ही खुर्चीत सरसावून बसाल. तुमच्याच पाणीपुरवठा ऑफिसात. तुमच्याच खोलीत म्हणाले असते, पण तिथे आता झेरॉक्सचं यंत्र बसतं. मी बाहेर खिडकीपाशी बसते, तिथून पंपहाऊसचं दार दिसतं. गावासाठी नवं शुद्धीकरण केंद्र बांधायचं आहे आणि ते केवढं बांधायचं, हे जुन्या आकड्यांवरून ठरणार आहे. म्हणून जुन्या रजिस्टरांतलं रोजचं पाणी संगणकात चढवायचं आणि गॅलनचे लिटर करायचे, हे माझं काम. एकतीस वर्षांची रजिस्टरं, आणि पानापानावर तुमचं अक्षर. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तुमच्या सहवासात एवढा वेळ मी कधी काढला नव्हता.

आता लाजेचं. शेवटच्या नऊ वर्षांचे आकडे तुम्ही मुळातच लिटरमध्ये लिहिले आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी त्यांनाही गॅलन समजून पुन्हा गुणलं, आणि सोमवारच्या बैठकीत मोठ्या मॅडमसमोर, म्हणजे आमच्या कार्यकारी अभियंत्यांसमोर, उभी राहून ठणकावून सांगितलं, की आपल्या साठ हजार वस्तीच्या गावात माणशी रोज जवळजवळ सातशे लिटर पाणी लागतं. मग स्टोअरवाले काका हळूच म्हणाले, की गावात माणसं राहतात की पाणघोडे, हे एकदा शिरगणतीवाल्यांना विचारून घ्यावं. त्या दिवसापासून मी पाणघोडेबाई. काल शिपायानेही टपाल देताना तसंच म्हटलं, आणि मी ओ दिली, हे जास्त वाईट.

तुमचे चिरंजीव म्हणाले, बाबांना गणित विचारलंस तर ते खूश होतील, आणि चूक कबूल केलीस तर त्याहून खूश होतील. मी दोन्ही करते आहे. गॅलन-लिटरची अशी काही खूण सांगा, की झोपेतही चुकणार नाही.

आईंना नमस्कार, ताईंना आठवण. माया आहेच, ती या पाणघोड्यावरही राहू द्यावी.

तुमची,
सूनबाई


ता. १५ जानेवारी

चि. सौ. सूनबाई हिस,
अ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या सासूने मोठ्याने वाचायला घेतलं. मी म्हटलं, हळू वाच, शेजारी ऐकतील. ती म्हणाली, हळू वाचलं तर तुम्हाला ऐकू येणार नाही. शेवटी माझं मीच वाचलं.

पाणघोड्यांना हसलो, पण बेताने. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी गुणायच्या जागी भागलं होतं आणि साहेबांना लेखी कळवलं होतं, की गावाची टाकी नऊ मिनिटांत भरते. साहेबांनी मला घड्याळ देऊन टाकीवर बसवलं. संध्याकाळपर्यंत बसलो होतो. त्यानंतर आकड्याच्या बाबतीत माझा हात कुणी धरला नाही. गावात मला गॅलनसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. मला ते कळलं नव्या पोस्टमनमुळे. त्याला ते माझं आडनाव वाटलं होतं.

आता खूण. एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर, आणि वर औषधाच्या छोट्या चमच्याने नऊ चमचे. लोक साडेचार लक्षात ठेवतात आणि चमचे विसरतात. रोजच्या वीस लाख गॅलनला ते चमचे सोडून दिलेस तर एक्क्याण्णव-ब्याण्णव हजार लिटर पाणी कागदावरून सांडतं. आपल्या गावाला रोज वीस लाख गॅलन, म्हणजे नव्वद लाख ब्याण्णव हजार लिटर. झोपेतून उठवून विचारलंस तरी हेच सांगेन. तुझ्या सासूने एकदा उठवून विचारलंही आहे.

सरकारी कचेरीत बसतेस, तर अनुभवाचे दोन शब्द सांगतो. लोक तक्रारी करणारच. आपला आकडा पक्का असला की डगमगायचं नाही. बाजारामागे एक लाँड्रीवाल्या बाई होत्या. महिन्याला त्यांचं एक पत्र यायचं, की पाच तासांत भरणारी आमची टाकी आता सहा तास घेते, तुम्ही पाणी कमी सोडता. मी जाऊन मीटर पाहायचो. काटा वीस लाखांवर, रेघभर इकडे नाही की तिकडे नाही. तीन वर्षं त्यांनी पिच्छा पुरवला. शेवटी मी चार ओळींचं पत्र लिहिलं, की पाण्यात कसलीही कमतरता नसून आपल्या आवारातल्या निष्काळजीपणाला ही कचेरी जबाबदार नाही. त्यानंतर त्यांचं एकही पत्र आलं नाही. माझ्या सबंध नोकरीतलं ते सर्वांत नेमकं पत्र. मसुदा अजून तोंडपाठ आहे. तुझ्या सासूलाही आहे, तिची इच्छा नसताना.

नातीला पापा. काही अडलं तर विचार, मला इथे दुसरा उद्योग नाही. आशीर्वाद आहेतच, ते मोजून देत नाही.

तुझे,
बाबा


ता. २ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची खूण पाठ झाली. चमच्यांची खातरी करायला परवा स्वयंपाकघरात खरोखर मोजून पाहिलं. पाणी सगळं ओट्यावर गेलं, पण चमचे नऊच भरले.

काम रेंगाळलं आहे, म्हणून पत्राला उशीर. सहज एक विचारायचं होतं. लिटरचं मीटर बसण्याच्या आधी तीन वर्षं दोन महिने, रजिस्टरात तुमच्या लाल शाईत नोंद आहे, ‘जुने मीटर निकामी, नवे बसविले’. ते नवं मीटर कुठून आलं होतं, काही आठवतं का? आणि त्याच सुमारास वीज कमी लागायला लागलेली दिसते. त्याबद्दल तुम्हाला प्रशस्तिपत्र मिळालं होतं ना, बैठकीच्या खोलीत लावलेलं? त्यात काय लिहिलं आहे, तेही सहज कळवा.

इकडे सगळे मजेत. लेकीचा दात पडला, तो तिने आगपेटीत जपून ठेवला आहे आणि रोज मोजते. घराण्याचा वारसा पुढे चालला आहे.

मनात आमची जागा राखून ठेवावी, एवढंच मागणं.

तुमची,
सूनबाई


ता. ८ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाई हिस,
अ. आ.

ज्या पत्रात ‘सहज’ दोनदा येतं, त्यात सहज काहीच नसतं. एकतीस वर्षं मी कंत्राटदारांची पत्रं वाचली आहेत. तू अजून कच्ची आहेस.

विचारलंस ते सांगतो. मीटर परदेशी होतं, लाकडी खोक्यात आलं होतं, तबकडी सुरेख पांढरी. तबकडीवर गॅलनच लिहिलेलं होतं, म्हणून मला काहीच अडचण आली नाही. मी व्हॉल्व्ह फिरवून काटा वीस लाखांवर आणून ठेवला आणि तिथेच राखला. प्रशस्तिपत्र विजेच्या काटकसरीबद्दल आहे. पुढे लिटरचं मीटर आलं तेव्हा वीज पुन्हा वाढली आणि मला खुलासा मागितला गेला. मी पंप म्हातारे झाले असं लिहून दिलं होतं.

आता तुझं पोटात एक आणि ओठांत एक पुरे कर. माझ्या रजिस्टरात काही सापडलं असेल तर सरळ लिही. माझे कान गेले आहेत, डोळे शाबूत आहेत. वाचून मी मरणार नाही.

आशीर्वाद नेहमीचेच, त्यात घट नाही.

तुझे,
बाबा


ता. १३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे चिरंजीव म्हणाले होते, बाबांना सांगू नकोस, त्यांच्या जिवाला लागेल. मी आठ दिवस त्यांचं ऐकलं आणि त्या आठ दिवसांत दोनदा दूध उतू घालवलं. म्हणून सांगते.

गॅलन दोन असतात. आपला मोठा, साडेचार लिटर नऊ चमच्यांचा. आणि दुसऱ्या एका देशातला धाकटा, पावणेचार लिटर आणि सात चमच्यांचा. नाव एकच. ते पांढऱ्या तबकडीचं मीटर धाकट्या गॅलनचं होतं.

मी पाणघोडेबाई, तुमची चूक काढायला निघाले, हे माझं मलाच खरं वाटेना. म्हणून सात वेळा हिशोब केला. मग स्टोअरवाल्या काकांना गाठलं. त्यांच्या मागच्या खोलीत ते खोकं अजून आहे, मीटरसकट. आत माहितीपत्रक होतं, चार घड्यांचं. उघडताना घड्या कडाकड मोडल्या, इतकं ते कोरं होतं. दुसऱ्याच ओळीत एका गॅलनचे लिटर किती, ते छापलेलं आहे.

म्हणजे काटा वीस लाखांवर असायचा, पण गावाला नव्वद लाख ब्याण्णव हजार लिटरऐवजी पंचाहत्तर लाख सत्तर हजारच जायचे. जवळजवळ सहावा हिस्सा कमी. वीज वाचली ती त्यामुळेच; पाणीच कमी उचललं जात होतं. लिटरचं मीटर बसलं तेव्हा तुम्ही मोठ्या गॅलनने गुणून व्हॉल्व्ह लावलात, पाणी पूर्ववत झालं आणि वीजही. पंप बिचारे तरणेच होते.

तक्रारींची फाइलही पाहिली. लाँड्रीवाल्या बाईंची अडतीस पत्रं आहेत, महिन्याला एक. पाण्याचा सहावा हिस्सा गेला, तर पाच तासांच्या टाकीला बरोबर सहा तास लागतात. तुमचं ते नेमकं पत्र आहे, त्यानंतर दोन आठवड्यांत लिटरचं मीटर बसलं. बाबा, पत्रं थांबली ती मला वाटतं त्यामुळे.

आकडे गुपचूप दुरुस्त करून मी गप्प बसले असते. पण नव्या केंद्राचे पंप ठरवणाऱ्या सल्लागारांनी नेमकी हीच तीन वर्षं नमुना म्हणून धरली आहेत, एवढ्या कमी विजेत एवढं पाणी कसं दिलं, याचं त्यांना कौतुक आहे. तसे पंप घेतले तर नवं केंद्रही सहाव्या हिश्शाने तोकडं पडेल. ती वर्षं का वगळायची, याचं कारण तळटीपेत द्यावं लागणार, आणि त्यात तुमचा उल्लेख टळत नाही. शिवाय तुमच्या एकतीस वर्षांत कुठे खाडाखोड नाही. आकडा चुकला की तुम्ही एक बारीक रेघ मारायचात, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी सही. असल्या वहीत तुम्हाला न विचारता मी हात कसा घालू?

रागावलात तरी पत्र लिहा. राग चालेल, अबोला नको.

तुमची,
सूनबाई


ता. २७ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

दोन आठवडे तुला यांचं पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. तब्येत ठीक आहे. ताईने डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी रक्तदाब पाहिला आणि आजोबांना काही टोचतंय का विचारलं. हे म्हणाले, माहितीपत्रक. डॉक्टरांना काही कळलं नाही.

तुझं पत्र वाचून घडी घातली आणि औषधाचा चमचा घेऊन न्हाणीघरात गेले ते तासभर बाहेर नाहीत. दोन भांडी मांडून बसले होते. एकात मोठा गॅलन, एकात धाकटा. ताईची मुलगी म्हणाली, आजोबा प्रयोग करतायत. मी म्हटलं, नाही गं, आजोबांवर प्रयोग झालाय. तेव्हापासून गप्प आहेत. चाळीस वर्षं मी या घरात शांतता मागत होते. मिळाली, तर करमत नाही.

आता तुला म्हणून सांगते, मनात ठेव. त्या वर्षांत आपल्या क्वार्टरच्या नळालाही धार बारीक यायची. मी यांना सांगितलं होतं. हे म्हणाले होते, तुला नळ नीट उघडता येत नाही. मग सकाळी कचेरीत जाण्याआधी स्वतः नळ उघडून दाखवायचे, कसा उघडायचा ते. मी तीन वर्षं शिकत होते.

काल भाजी निवडत होते, तर समोर येऊन बसले आणि भाजीकडे बघत म्हणाले, की नळ तू बरोबर उघडत होतीस. मी म्हटलं, तेव्हाच माहीत होतं मला. मग त्यांनी अर्धी जुडी निवडून दिली. देठंच जास्त ठेवली, पण मी बोलले नाही.

तू लिहिलंस ते बरं केलंस. पोराला सांग, बाप काचेचा नाही. पत्र येईल, धीर धर. नातीला जवळ घे माझ्या वाटचं.

तुझी,
आई


ता. ६ मार्च

चि. सौ. सूनबाई हिस,
अ. आ.

तुझं पत्र इतक्यांदा वाचलं, की आता तेही तोंडपाठ आहे. माझं ते नेमकं पत्र विसरण्याचा प्रयत्न चालू आहे, जमत नाही. दोन्ही एकापाठोपाठ आठवतात.

हिशोब मी पुन्हा केला. तुझा बरोबर आहे. रोज पंधरा लाख बावीस हजार लिटर, तीन वर्षं दोन महिने. जवळजवळ एकशे शहात्तर कोटी लिटर पाणी मी गावाला कागदावर पाजलं, आणि लोक तहानलेले राहिले तर त्यांना तहान मोजता येत नाही असं समजलो. माहितीपत्रकं वाचणाऱ्यांना मी जन्मभर हसलो. आमच्या हाताखालचा फिटर नवा बल्ब लावतानाही खोक्यावरचं वाचायचा. त्याला मी पंडित म्हणायचो. तोच अधीक्षक व्हायला हवा होता.

सर्वांत जास्त काय बोचतं, सांगू? चूक नव्हे. चूक कुणाचीही होते, तुझे पाणघोडे आहेतच. एका बाईने घड्याळ लावून अडतीस वेळा मला खरा आकडा कळवला. पाचाचे सहा. माझ्यासारख्या माणसाला त्यावरून पाच मिनिटांत सगळं कळायला हवं होतं. पण मी आकडा वाचलाच नाही, फक्त तक्रार वाचली. आणि वर तिलाच निष्काळजी म्हटलं.

तळटीप अशी घाल, की या काळात मीटर धाकट्या गॅलनचे असून तत्कालीन अधीक्षकांनी ते न तपासता मोठ्या गॅलनचे धरले. ‘अनवधानाने’ वगैरे घालू नकोस. अवधान भरपूर होतं, ते चुकीच्या जागी होतं.

लाँड्री अजून आहे का, बाई आहेत का, चौकशी करून कळव. मी येणार आहे. तुझ्या नवऱ्याला सांग, की बाबा नातीला भेटायला येतायत. ते खोटंही नाही.

आशीर्वाद. या वेळी मोजून देतो आहे, जास्तच भरतील.

तुझे,
बाबा


ता. ११ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात पडल्यावर आधी पाकीटच कितीतरी वेळ धरून बसले. मग उघडलं.

तळटीप तुम्ही सांगितली तशीच घातली. मोठ्या मॅडमनी वाचली आणि म्हणाल्या, की इतक्या वर्षांनी एवढं स्पष्ट लिहायची गरज आहे का. मी म्हटलं, ज्यांचं आहे त्यांनीच सांगितलंय. त्यांनी पुन्हा वाचली आणि सही केली. सल्लागार पंपांचा हिशोब नव्याने करतायत. त्यांच्यातल्या एकाने मला गाठून विचारलं, की हे तुमच्या लक्षात कसं आलं. सांगावंसं वाटलं, की एकच आकडा दोनदा गुणून आधी गावभर हसं करून घ्या, मग प्रत्येक आकड्याची भीती वाटायला लागते, आणि भीतीपोटी सगळं सापडतं.

लाँड्री आहे, बाजारामागेच, निळ्या दाराची. बाईही आहेत. भाचा यंत्रं बघतो, त्या गल्ल्यावर बसतात. आत मी नुसती डोकावले, काही बोलले नाही, ते तुमचं काम. उगीच तुमच्या चिरंजीवांचा शर्ट इस्त्रीला टाकून आले.

वाट बघतो. आमच्यावरचा जीव तसाच असू द्या.

तुमची,
सूनबाई


ता. २४ मार्च

चि. सौ. सूनबाई हिस,
अ. आ.

तुमच्याकडे तीन दिवस राहिलो, भरपूर खाल्लं, नातीच्या आगपेटीतले दात मोजले, आणि ज्यासाठी आलो होतो त्याबद्दल तुला एक अक्षर सांगितलं नाही. याचं कारण असं, की हल्ली मी खासगी बोललो तरी ते तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतं. म्हणून इथे परत आल्यावर लिहितो.

शनिवारी अकराच्या सुमाराला लाँड्रीत गेलो. आत दोन मोठी यंत्रं गरगरत होती, वाफेने चष्म्यावर धुकं. बाई गल्ल्यावर बसून कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होत्या. मी माझं पद सांगितलं. त्या म्हणाल्या, चेहरा ओळखत नाही, पण सही ओळखते, शेवटी गळक्या नळासारखा थेंब असायचा. यंत्रांच्या आवाजात जन्म गेल्यामुळे त्या मोठ्यानेच बोलतात. कित्येक वर्षांत एवढं स्वच्छ मला कुणाचं ऐकू आलं नव्हतं, आणि नेमकं तेच ऐकू आलं.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की तुमची टाकी खरंच सहा तास घेत होती, चूक आमची होती, म्हणजे माझी होती. वाटलं होतं चिडतील, किंवा हसतील. दोन्हीची तयारी करून गेलो होतो. त्यांनी टाचण्या खाली ठेवल्या आणि तारखा पुन्हा विचारल्या. माझं शेवटचं पत्र कधीचं, नवं मीटर कधीचं. मी सांगितलं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग भाच्याला गल्ल्यावर बोलावलं, चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, की तुम्ही माझ्याबरोबर चला.

वाटेत कळलं. त्यांच्याकडे टाकीवर एक बाई होती. टाकी भरायची, वेळ टिपायची, भरली की व्हॉल्व्ह बंद करायचा, एवढं तिचं काम. अडतीस महिने या माझ्याशी भांडत राहिल्या, पण माझं ते निष्काळजीपणाचं पत्र आलं, आणि सरकारी कागदापुढे त्यांचा स्वतःच्या घड्याळावरचा विश्वास डळमळला. वाटलं, खरंच आपलंच माणूस झोपा काढत असेल. त्याच दुपारी तिला कामावरून काढलं. नवी बाई ठेवली. आणि पंधरा दिवसांत टाकी पुन्हा पाच तासांत भरायला लागली. म्हणजे खातरीच पटली, की दोष त्या पहिलीचाच. सूनबाई, माझं मीटर बदललं आणि तिच्यावरचा आळ शाबीत झाला.

ती बाई सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीत राहते. कपडे दुरुस्त करून देते. आम्ही गेलो तेव्हा पँटची शिवण घालत होती. आम्हाला बसायला सांगून तिने ती शिवण पुरी केली, दोरा तोडला, मग बोला म्हणाली. गल्ल्यावर एवढ्या खणखणीत बोलणाऱ्या लाँड्रीवाल्या बाई, पण इथे जमिनीवरचे दोऱ्यांचे तुकडे गोळा करत बसल्या. म्हणून मीच सांगितलं, सगळं, माहितीपत्रकापासून.

ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, की पण मला डुलकी लागायची, हे खरं आहे. दुपारचं जेवण झालं की टाकीच्या सावलीत पाच-दहा मिनिटं डोळा लागायचा. काढून टाकलं तेव्हा ती भांडली नाही ती त्यामुळेच. एकवीस वर्षं ती हेच समजत होती, की आपल्या झोपेपायी टाकी भरत नव्हती. त्यानंतर दिवसा ती कधी आडवी झाली नाही. तापातसुद्धा बसून काढलं म्हणाली. आणि हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, कपड्याचं माप सांगावं तसं सांगितलं.

लाँड्रीवाल्या बाई तेव्हा म्हणाल्या, की एक दिवस मी स्वतः टाकीपाशी बसले असते तर झालं असतं. ती म्हणाली, हो, झालं असतं. एवढंच.

मग तिने मला हे लिहून द्यायला सांगितलं. तिच्या मोठ्या बहिणीने शब्द टाकून ते काम मिळवून दिलं होतं, आणि ती अजून चारचौघांत सुनावते, की हिने झोपून नोकरी घालवली. तिला दाखवायला कागद हवा. कागद लिहिणं हा तर माझा हातखंडा. मी वहीचं पान घेतलं आणि रीतसर लिहिलं. वीस लाख गॅलन, नव्वद लाख लिटर, मोठा गॅलन, धाकटा गॅलन, दिनांकासह. तिने वाचलं आणि परत दिलं. म्हणाली, हे मला कळत नाही, बहिणीला तर मुळीच कळणार नाही. गॅलन-लिटर नको, बादल्यांत लिहा.

एकतीस वर्षं मी गॅलनचे लिटर केले, पण बादल्या कधी केल्या नव्हत्या. पेन तोंडाशी धरून बराच वेळ बसलो. मग दुसऱ्या पानावर लिहिलं, ते असं: ‘तीन वर्षे दोन महिने आम्ही दर सहा बादल्यांतली एक बादली दिलीच नाही. टाकी उशिरा भरत होती ती त्यामुळे. या बाईंच्या झोपेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.’ खाली नाव, हुद्दा, सही. लाँड्रीवाल्या बाईंनीही शेजारी सही केली.

तिने ते दोनदा वाचलं, घडी घालून शिलाई यंत्राच्या खणात ठेवलं. आम्हाला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती उठली, भिंतीशी गुंडाळून ठेवलेली सतरंजी पसरली आणि म्हणाली, आता तुम्ही दोघं निघा, मला जरा पडायचं आहे. आम्ही निघालो. दुपारचे दोन वाजत आले होते.

कळावे. माझ्या या सुनेचा लोभ कोणत्याही मापाने मोजला तरी मला पुरून उरेल, तो असाच वाहता ठेव.

तुझे,
बाबा